वारा ही सबब नव्हती

सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी कयाकमधून रात्रीच्या मुक्कामाला जावं का, यावर आमच्या घरी दोन दिवस परिसंवाद चालला. सूनबाईंचा ठाम विरोध, नातवाचा ठाम पाठिंबा. शेवटी गेल्या जानेवारीत आम्ही तिघे मित्र गेलोच. सोबत एका मित्राचा मुलगा होता. दोन जोडकयाक त्याच्याच.

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर आणि करमाळा तालुक्यांच्या मधे समुद्रासारखं पसरलं. काठची उथळ दलदल रोहितांना मानवली. कुंभारगाव, भिगवणला थंडीत लोक तेच बघायला जातात. आम्हीही बघितले. थवा दिसला की वल्ही थांबवायची, लांबूनच पाहायचं असं ठरलं होतं. चक्रवाकांची एक जोडी तर आमच्याकडे दुर्लक्ष करून चरत होती. कयाकला इंजिन नाही, त्यामुळे पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. फार सुख आहे हे. पण आज लिहायचंय ते वेगळंच.

चारच्या सुमारास वारा उठला. अर्ध्या तासात पाण्याचा रंग बदलला. आडवी लाट कुशीवर आली आणि माझी कयाक एवढी कलली की मांडीवर पाणी सांडलं. पोरगा ओरडला, "काका, नाक लाटेकडे ठेवा!" ठेवलं. अंगात नारिंगी जाकीट होतं, तरी छाती धडधडत होती. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, म्हणून लाट वाढतच जाते.

आणि मला माझी शाळा आठवली.

१९८५-८६ च्या सुमारास मी करमाळ्याच्या बाजूला, काठाजवळच्या एका शाळेत होतो. काही मुलं पलीकडून होडीनं यायची. कधीकधी तास उलटून गेल्यावर दारात उभी राहायची. "उशीर का?" "गुरुजी, वारं सुटलं होतं." मी म्हणायचो, वारा ही सबब नाही. आणि त्यांना प्रार्थनेच्या ओट्यावर उभं करायचो. कपडे ओले असायचे, ते दिसायचे मला. त्या वर्षांत मी एकदाही त्या होडीत बसून पलीकडे गेलो नाही. मुलांना आर्किमिडीज मात्र नीट शिकवला!

रात्री एका मच्छीमाराच्या रानात तंबू ठोकले. त्याच्या घरून चिलापीचं कालवण आणि भाकरी आली. शेकोटीपाशी मे २०२४ चा विषय निघाला. कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले, तो. मी विचारलं, "तुमच्या होडीत जाकिटं आहेत का?"

"हायेत की. पाव्हण्यांना देतो."

"आणि गावच्यांना?"

"मागत न्हाईत, गुरुजी. अन् जाकीट घालून जाळं कसं टाकायचं?"

जाळ्याचं त्याचं म्हणणं खरं आहे, तिथे हात मोकळे लागतात. पण बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जाणाऱ्या माणसाला काय अडचण? पक्षी बघायला आलेल्याच्या जिवाची काळजी आणि रोज पार होणाऱ्याला फक्त सवय, हे मला पटत नाही. पूल होतील तेव्हा होतील, माझं म्हणणं साधं आहे. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक होडीत माणसागणिक जाकीट हवं, पोरांच्या मापाचीही. ती ग्रामपंचायतीनं घ्यावीत आणि धक्क्यावरच ठेवावीत. वारा सुटला की होडी सोडायची नाही. आणि शाळेनं त्या दिवशीची गैरहजेरी लावू नये! हे शेवटचं मी अधिकारवाणीनं सांगू शकतो.

सकाळी पाणी काचेसारखं होतं. आम्ही तंबू गुंडाळत असताना एक होडी पलीकडे निघाली. दोघी बायका पाट्या घेऊन, एक मोटारसायकल आणि दप्तर घेतलेला एक मुलगा. मी जाकीट चढवून कयाकपाशी उभा होतो. मुलानं माझ्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी सांगितलं आणि दोघं खळखळून हसली.