पाळीची तारीख आणि कायद्याचे मौन

उत्तर दिल्लीच्या रिजवरील महापालिकेच्या रुग्णालयाला हिंदूराव घाटगे यांचे नाव आहे. बायजाबाई शिंदे यांच्या या बंधूंचे नाव दिल्लीकर रोज घेतात. तो मराठी सरदार होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. असो. तेथे काय किंवा अन्य कोणत्याही रुग्णालयात काय, स्त्रीरोग विभागातील पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागची पाळी कधी आली? उत्तर अनेकदा ‘करवाचौथच्या आधी की नंतर’ अशा अंदाजाने दिले जाते. दोन पाळ्यांतील अंतर, रक्तस्राव, वेदना यांची नोंद हाताशी असेल तर रक्तक्षय किंवा एंडोमेट्रिओसिससारखे दुखणे लवकर ध्यानात येऊ शकते. अशी नोंद ठेवणारी मोबाइल अॅप लोकप्रिय झाली, त्यात गैर काहीच नाही.

डॉक्टरांना सांगितलेली तारीख केसपेपरवर राहते. अॅपला सांगितलेली कोठवर जाते, हा खरा प्रश्न आहे. गोपनीयतेचे आश्वासन देऊनही ‘फ्लो’ या अॅपने स्त्रियांची माहिती फेसबुक, गूगल आदींच्या विश्लेषण सेवांना पुरविली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२१ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

हा परदेशातला मामला म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्याच रोहतकच्या विद्यापीठात सफाई कामगार स्त्रियांकडे पाळीचा पुरावा म्हणून छायाचित्रे मागितल्याचा आरोप झाला आणि गुन्हा नोंदविला गेला. वरिष्ठांना ही माहिती हवी असते, एवढे त्यातून दिसते. कामाच्या ठिकाणी पाळीच्या रजेची चर्चा सुरू असताना तर ते अधिकच ध्यानात घ्यायला हवे.

आता कायदा पाहू. २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक माहिती ‘संवेदनशील’ गणली होती. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यातही तो वर्ग होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून तो वगळण्यात आला. पाळीची तारीख आणि किराणा दुकानाची मागणी एकाच पारड्यात आली. कलम ७ नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा देते. कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे भरपाई देणारे कलम ४३-अ याच कायद्याने रद्द ठरविले आहे. म्हणजे जिची माहिती फुटली तिच्या पदरी काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, तेव्हा मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. संवेदनशील माहितीचा वर्ग परत आणण्याची दुरुस्ती संसदेने या अवधीत करायला हरकत नव्हती. तशी निकड मात्र कोणत्याच पक्षाला वाटलेली दिसत नाही.

तूर्त भिस्त अॅपच्या रचनेवर. बर्लिनमध्ये तयार झालेले ‘ड्रिप’ खाते उघडायला लावत नाही. नोंद फोनमध्येच राहते आणि तिचा संगणकीय आराखडा कोणालाही तपासता येतो. फोन हरवला आणि प्रत काढून ठेवलेली नसेल तर नोंदही गेली, हा त्याचा तोटा. आणि एकच फोन घरात तिघांच्या हाती फिरत असेल, तर अॅपला पासवर्ड लावणे आलेच.