म्यानाला कुणी विचारतं का?

काल एक 'ओरिजिनल जोडी' पाहिली आणि डोकंच फिरलं. अमेरिकन एम-७ संगीन, सोबत एम-८ए-१ म्यान. विकणारा म्हणे, दोन्ही पहिल्यापासून एकत्र आहेत, म्हणून दुप्पट भाव! अहो, कशावरून?

एम-७ ही एम-१६ रायफलची संगीन, १९६४ची. पण हेच म्यान एम-४, एम-५, एम-६ यांनाही चालतं. पाती जवळपास सारखीच, फरक मुठीकडे. एम-७ला नळीवर बसणारं कडं आहे, एम-५ला नाहीच. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन्स चार. मग 'पहिल्यापासूनची जोडी' ठरवणार कशी?

म्हणून म्हणतो, संगीन आणि म्यान यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. संगिनीचं नाव क्रॉसगार्डवर वाचा, म्यानाचं तोंडाच्या पत्र्यावर. एम-८ला नुसता पट्ट्यात ओवायचा फासा असतो, एम-८ए-१ला शिवाय तारेचा आकडा. आधी दिसतं ते लिहा, प्रकाराचं नाव मागाहून. मी उलट केलं होतं. 'दुर्मिळ प्रकार' म्हणून घेतलेली संगीन घरी आणून पाहतो तर मूठ कुणीतरी बदललेली! झालं, शिकवणीची फी भरली.

आणि म्यानाला 'नुसतं कव्हर' म्हणणाऱ्यांनी एकेएमची संगीन जरूर पाहावी. पात्याचं भोक म्यानाच्या खुंटीत अडकवलं की तार कापायची कात्री तयार. म्यान फेकलंत तर अर्धं हत्यार गेलं की राव!