खणायचे कोठे?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासाने ते खानदेशाचेच. फारुकी सुलतानांची ती राजधानी. १६३१ साली मुमताजमहलने प्राण सोडला तो येथे, आणि १६८१ साली संभाजीराजांच्या फौजांनी धडक मारली तीही याच नगरीवर. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ पडद्यावर आला आणि मार्चमध्ये या जिल्ह्यातील असीरगडाच्या परिसरातील शेतांत रात्री विजेऱ्या घेऊन माणसे मोगली मोहरांसाठी जमीन उकरू लागली. देशभर त्या बातमीवर हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. जो माणूस दिवसभर राबून रात्री कुदळ उचलतो, तो केवळ मोहर शोधत नसतो. आहे त्या आयुष्यातून बाहेर पडण्याची वाट शोधत असतो.

त्याच ‘छावा’नंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीस, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. बुऱ्हाणपुराप्रमाणेच मालेगावही यंत्रमागांचे गाव. तेथील नासिर शेख या व्हिडिओगृह चालविणाऱ्या तरुणाने मित्रांना जमवून २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार केला. पुढे त्यांच्या सुपरमॅनची भूमिका यंत्रमागावर काम करणाऱ्या किडकिडीत शफीक शेखने केली. त्या निर्मितीची कहाणी फैजा अहमद खान यांनी २००८ च्या आपल्या अनुबोधपटात टिपली. ना भांडवल, ना यंत्रसामग्री, ना मुंबईचा आशीर्वाद! या माणसांनी खणले ते स्वतःच्या गल्लीत, आणि त्यांच्या हाती जे लागले ते कोणत्याही मोहरेहून मोलाचे होते.

याचा अर्थ चित्रपटाने पोट भरते असा नव्हे. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. त्याचे दारिद्र्य कॅमेऱ्याने हटविले नाही. पण गावाने ज्याला निरुपयोगी ठरविले, त्याला आपणही कथेचा नायक होऊ शकतो हे एकदा उमगले, की तो पूर्वीचा राहत नाही. नवे जीवन म्हणजे गाव सोडून पळणे, अशी समजूत धंदेवाईक चित्रपटांनी रूढ केली आहे. बुऱ्हाणपूर २००३ पर्यंत ज्या खांडवा जिल्ह्यात होते, त्याच खांडव्याचा किशोरकुमार हा विक्षिप्त प्रतिभावंत मुंबईत अफाट कीर्ती मिळवूनही गावची ओढ विसरला नाही. १९८७ साली त्याच्या देहाला अग्नी मिळाला तो खांडव्यातच.

दुर्दैव असे की, ज्यांच्याविषयी असे चित्रपट निघतात त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाहीत. ‘छावा’ गावोगावी पोहोचला. मालेगावच्या पोरांना मात्र प्रेक्षक फारच थोडे लाभले. यात प्रेक्षकांना दोष देणे सोपे आहे. परंतु जो चित्रपट तालुक्याच्या गावी लागतच नाही, तो न पाहिल्याचा ठपका तेथील प्रेक्षकांवर कसा ठेवावा?

हा प्रश्न गोमंतकालाही चुकलेला नाही. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. त्या दिवसांत जगभरच्या गावांतील एकाकी, न रुळलेल्या माणसांच्या कथा येथे येतात, तज्ज्ञांची वाहवा मिळवितात आणि तोरणे उतरताच निघून जातात. वास्तविक मालेगावचे धाडस आम्हां गोमंतकीयांना परके नाही. जत्रेच्या नाटकासाठी वर्गणी काढून गावचा कारकून राजा होतो आणि माडीवर चढणारा सेनापती. तो उत्साह कोणत्याही महोत्सवाहून जुना आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मडगाव, कुडचडे, साखळी येथील रवींद्र भवनांतून आठवड्यातील एक संध्याकाळ अशा अल्पखर्ची, स्वतंत्र चित्रपटांसाठी राखून ठेवावी. तिकीट परवडेल इतके असावे, आणि स्थानिक तरुणांनी केलेली चित्रफीतही तेथे दाखविली जावी. यासाठी नव्या इमारतींची गरज नाही, इच्छेची आहे.

असीरगडाच्या शेतात कुदळ चालविणाऱ्यास खणू नको म्हणणे सोपे आहे. खणायचे कोठे, हे त्यास दाखविणे समाजाचे काम आहे, आणि ते आपण अद्याप केलेले नाही.