लहान पोराला काय कळतं म्हणणाऱ्यांना

झोपडी मोडायला आलेल्या साहेबाचं एक वाक्य ठरलेलं असतं. बाई रडत सांगते, साहेब, पोर घाबरलंय. साहेब म्हणतो, लहान हाय, इसरून जाईल. माझं भांडण या वाक्याशी आहे.

पोर इसरत नाय. आमच्या पाड्यावर झोपड्या पाडल्या तेव्हा दोन वर्षांची एक मुलगी आईच्या कडेवर होती. चांगली बोलायची, ती गप झाली. गाडीचा आवाज आला की आईचा पदर तोंडात धरते. रात्री दचकून उठते. तिला सांगता येत नाही, म्हणून काय झालंच नाही? उलट एवढ्या पोराकडे शब्द नसतात, म्हणूनच भीती अंगात बसते. आणि घर गेलं की आईबाप भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर, म्हणजे ओळखीचं अंगणही गेलं.

1992 ला जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं मेली, तेव्हा सरकारला कुपोषण दिसलं. अंगणवाडीत वजन होतं, ते बरंच आहे. पण भीतीला काटा नाही, म्हणून रजिस्टरात तिला रकाना नाही. पंचनाम्यात वासे, कौलं, पत्रे लिहितात. घरात पोर होतं हे कोण लिहितो?

ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे. पण कडेवरचं पोर घेऊन, मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून जाणार कोण? डॉक्टरने पाड्यावर यावं, आधी आईशी बोलावं. आईच थरथरत असेल तर पोराला धीर कुठून येणार? नुसत्या गोळीने हे बरं होत नाही. तीच मांडी, वेळेवर जेवण, रात्री जवळ निजणं, आणि खेळ. पोरं मातीचं घर करतात, मोडतात, परत करतात. त्यांना ओरडू नका, मनातलं ते असंच काढतात. भगताकडे जायचं तर जा, पण महिना झाला तरी पोर बोलत नसेल तर डॉक्टरला दाखवाच.

आपलीही चूक आहे. पोर जेवत नाय तर आपण म्हणतो, गप, खाकीवाला येईल. ज्याला बघून पोराची बोलती बंद झाली त्याचंच नाव घेऊन घास भरवतो! हे आजपासून बंद करा.

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हलवता येत नाही. तरी कोणी आलं तर ग्रामसभेने स्वतःचा पंचनामा लिहावा. पहिल्या ओळीत घरातली पोरं आणि त्यांची वयं. मग वासे, मग कौलं. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. एक प्रत तहसीलदाराला, एक संघटनेकडे.