तिकिटावरचे चित्र नीट पाहा

कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एका फौंड्रीत काम करणारे आमचे एक वाचकबंधू गेल्या महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आले. पेटीत त्यांच्या आजोबांनी मुंबईहून गावी धाडलेली जुनी पाकिटे होती. एका व्यापाऱ्याने ‘तिकिटे तेवढी फाडून द्या, रोख पैसे देतो’ असे सांगितले होते. मुलीची फी भरायची होती, त्यामुळे बंधूंचे मन झाले होते.

अडवले ते त्या सातवीतल्या मुलीनेच. एक आण्याच्या दोन तिकिटांवर बोधिसत्त्व आहेत, पण एकाचा हात इकडे अन् दुसऱ्याचा तिकडे कसा, असे तिने विचारले. घरात सगळे हसले.

वाचकहो, पोरीचे बरोबर होते. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची पुरातत्त्व मालिका निघाली. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत १६ तिकिटे, छपाई नाशिकच्या सरकारी छापखान्यातली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, तीन आण्यांवर सांचीचा स्तूप, साडेतीन आण्यांवर बुद्धगयेचे मंदिर. एक आण्यावरची बोधिसत्त्वाची मूर्ती मात्र उलटी छापली गेली, आरशात दिसावी तशी. १९५० साली चूक सुधारून ते तिकीट पुन्हा काढले.

पुढे १९७१ साली राजा रवी वर्मा यांच्या दमयंती व हंसाच्या चित्राचे तिकीट आले, १९७३ साली जुन्या लघुचित्रांची मालिका आली. चित्रसंग्रहालयाची पायरी आपल्यापैकी किती जण चढले होते? पण ही चित्रे पोस्टमनने दारात आणून दिली. बाबासाहेबांचे तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले, कागलच्या घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांचे १९७९ साली.

घरात जुनी पाकिटे असतील तर तिकीट ओढून काढू नका, ते फाटते. डिंक, चिकटपट्टी लावू नका. जमल्यास पाकीट अख्खेच ठेवा. त्यावरचा शिक्का कुठला, तारीख कोणती, यातून आपल्या माणसाची वाट कळते.

बंधूंनी व्यापाऱ्याला नकार दिला. फी दोन हप्त्यांत भरली, त्यासाठी चार रविवार ओव्हरटाईम केला. पेटी आता मुलीच्या ताब्यात आहे. आजोबा कुठल्या चाळीत राहत होते, ते तिने पाकिटाच्या पाठीवरून वहीत उतरवून घेतले आहे.