बेडकाचे फुप्फुस आणि आजींचा दम

मृगाच्या सरी कोसळल्या की आपल्या परभणी, जिंतूर, गंगाखेड परिसरातील डबक्यांतून बेडकांचा आवाज घुमू लागतो. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकलेल्यांना बेडकाची दोन फुप्फुसे आठवत असतील. ती म्हणजे जणू दोन पातळ पिशव्याच. सूक्ष्मदर्शकाखाली पिशवीच्या आतील भिंतीवर बुटक्या पडद्यांची जाळी दिसते. या पडद्यांवर केशवाहिन्या पसरलेल्या असतात. मधला भाग मात्र मोकळाच.

मनुष्याच्या फुप्फुसांत अशी मोकळी पोकळी नसते. तेथे सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि प्रत्येक कोश जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. या असंख्य भिंतींमुळेच प्राणवायू रक्तात मिसळण्यास पुरेसा पृष्ठभाग लाभतो.

वर्षानुवर्षे विडी ओढल्याने किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीचा धूर घेतल्याने या भिंती झिजून फुटतात. अनेक लहान कोशांचे मिळून थोडे मोठे, सैल कोश होतात. फुप्फुस जणू बेडकाच्या पिशवीच्या दिशेने परत जाऊ लागते. बेडकाचे त्यावर भागते, कारण त्याची प्राणवायूची गरज कमी असते आणि तो ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो. आपल्याला असे दुसरे दार नाही. शिवाय फुटलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत.

म्हणूनच ‘वय झाले, दम लागणारच’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. आयुष्यात विडीला न शिवलेल्या आजींनाही हा विकार होतो. चालताना दम लागत असेल किंवा खोकला महिनोन्‌महिने रेंगाळत असेल, तर फुंकून करावयाची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्यावी. इनहेलरची सवय जडते हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर नियमित घ्यावा. स्वयंपाक गॅसवर करावा. ते शक्य नसेल तर चूल मोकळ्या जागी मांडावी. फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

दम लागल्यास पुढे किंचित वाकून बसावे. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि बशीतील गरम चहावर फुंकर घालावी तसा, ओठ आवळून, चार अंक मोजेपर्यंत सोडावा.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : ओठ निळसर पडले, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.