दोन दिवसांचा विक्रम



शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी होणाऱ्या क्रीडास्पर्धांत शंभर मीटरची शर्यत तुम्ही पाहिलीच असेल. कदाचित धावलाही असाल. पहिला आणि दुसरा यांच्यात कितीसं अंतर असतं? पापणी लवायला लागतो तेवढा वेळ! स्टॉपवॉच धरणाऱ्या सरांचा अंगठा जरा उशिरा दाबला गेला, तरी निकालाची गडबड व्हायची. आज मी तुम्हांला अशाच एका शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. तिच्यातले दोघे भिडू मात्र जमिनीवर नव्हते, विमानात होते. आणि दोघांमध्ये अंतर पडलं ते पाऊण सेकंदापेक्षाही कमी.

साल १९२३, महिना नोव्हेंबर. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड नावाचं एक लांबट बेट आहे. त्या बेटावर मिचेल फील्ड नावाचा विमानतळ होता. तिथे अमेरिकन नौदलाचे दोन वैमानिक आले होते. एकाचं नाव लेफ्टनंट हॅरॉल्ड ब्राऊ आणि दुसऱ्याचं लेफ्टनंट आल्फर्ड विल्यम्स. दोघांची विमानं एकाच जातीची, दोघांचा गणवेश एकच आणि दोघांच्या मनातली इच्छाही एकच. जगातला सगळ्यांत वेगवान माणूस व्हायचं!

तुम्ही म्हणाल, नौदलाची माणसं तर समुद्रावर हवीत, ती आकाशात काय करत होती? अगदी बरोबर प्रश्न आहे. त्याचं असं झालं, की जहाजाच्या डोलकाठीवरून जेवढं दिसतं, त्याच्या कितीतरी पलीकडचं विमानातून दिसतं, हे नौदलांच्या लक्षात आलं होतं. १९२२ साली कोळसा वाहणाऱ्या एका जहाजावर सपाट डेक चढवून अमेरिकेने आपली पहिली विमानवाहू नौका तयार केली. तिचं नाव 'लँग्ली'. पण तिकडे लष्कराचीही विमानं होतीच. मग चांगली विमानं कोणाची, चांगले वैमानिक कोणाचे, यावरून भूदल आणि नौदल यांच्यात मोठी चुरस सुरू झाली. ज्याची विमानं पुढे, त्याला लोकांची वाहवा मिळणार आणि सरकारकडे विमानांसाठी पैसे मागायलाही तोंड राहणार!

१९२२ साली डेट्रॉइटजवळ पुलित्झर करंडकाची मोठी विमानशर्यत झाली. तिच्यात पहिले दोन्ही क्रमांक लष्कराने पटकावले. पहिला आला लेफ्टनंट रसेल मॉन. आपला ब्राऊ तिसरा आला आणि विल्यम्स चौथा. पुढच्या मार्च महिन्यात याच मॉनने ताशी ३८० किलोमीटरचा जागतिक विक्रमही केला. नौदलाला हे किती झोंबलं असेल, याची कल्पना करा!

मग नौदलाने कर्टिस कंपनीकडून दोन नवी विमानं बांधून घेतली. फक्त दोनच, बरं का! विमान इतकं लहान, की त्याच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी जेमतेम बावीस फूट. एखाद्या मोठ्या वर्गात मावेल एवढं. पण इंजिनाची ताकद सुमारे पाचशे अश्वशक्ती. सुरुवातीच्या मारुती ८०० गाडीचं इंजिन चाळीस अश्वशक्तीपेक्षाही कमी होतं, हे आईबाबांना विचारून बघा. म्हणजे बारा-तेरा मारुतींचं बळ एका चिमुकल्या विमानात!

आता यातली खरी गंमत ऐका. एवढं मोठं इंजिन तापणारही तसंच. ते थंड ठेवायला पाणी लागतं आणि ते गरम झालेलं पाणी पुन्हा थंड करायला रेडिएटर लागतो. हा रेडिएटर विमानाच्या पुढे किंवा खाली बसवला, की वारा त्याच्यावर आदळतो आणि विमानाला मागे खेचतो. तुम्ही पाण्यात तळहात आडवा धरून पुढे ढकलला, तर जोर लागतो ना? तसंच. मग यावर उपाय काय?

उपाय तुमच्या घरात रोज दिसतो. चहा खूप गरम असला, की आजोबा काय करतात? कपातला चहा बशीत ओततात. बशीत तो पसरतो, त्याला जास्त हवा लागते आणि तो पटकन निवतो. कर्टिसच्या तंत्रज्ञांनी जवळजवळ हेच केलं. पितळेचे पातळ पत्रे पंखांवर बसवले आणि त्यांच्या आतून गरम पाणी खेळवलं. म्हणजे पंख हाच रेडिएटर झाला! वेगळा रेडिएटर नाही, त्यामुळे वाऱ्याला अडवायला काही उरलं नाही. पुढचा पंखाही लाकडाचा न ठेवता धातूचा, पातळ पात्यांचा बसवला.

या विमानांनी कमाल केली. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी सेंट लुईस इथे झालेल्या पुलित्झर शर्यतीत विल्यम्स पहिला आला आणि ब्राऊ दुसरा. दोनशे किलोमीटरच्या शर्यतीत दोघांमध्ये अंतर पडलं पंधरा सेकंदांच्या आतलं. लष्कर मागे पडलं. पण आता एक नवीनच शर्यत सुरू झाली. या दोघांमधला अधिक वेगवान कोण?

ती ठरायची होती मिचेल फील्डवर. तिथे नियम वेगळे होते. जमिनीवर बरोबर तीन किलोमीटरचं सरळ अंतर आखलेलं. तेवढ्या अंतरावरून कमी उंचीने चार वेळा उडायचं. दोनदा इकडून तिकडे आणि दोनदा तिकडून इकडे. आणि चारही वेगांची सरासरी काढायची.

आता सांगा पाहू, दोन्ही बाजूंनी कशाला? एकाच दिशेने चारदा उडालं तर काय बिघडलं?

तुमच्यापैकी जे सायकलने शाळेत जातात, त्यांना याचं उत्तर ठाऊक असणार. जाताना वारा पाठीशी असला, की सायकल कशी भन्नाट पळते. आपल्याला वाटतं, आज आपल्या पायांत काय जोर आलाय! आणि येताना तोच वारा समोरून आला, की पेडल मारता मारता दम निघतो. विमानाचंही तसंच. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ४०० किलोमीटर आहे आणि वारा ताशी २० चा आहे असं समजा. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ४२० येईल, समोरून असेल तर ३८०. दोन्हींची सरासरी पुन्हा ४००. म्हणजे वाऱ्याने जे फुकट दिलं, ते परतीच्या वाटेवर वसूल करून घेतलं! विक्रम विमानाचा आणि वैमानिकाचा असावा, वाऱ्याचा नसावा, म्हणून हा नियम.

२ नोव्हेंबरला ब्राऊ उडाला. सरासरी निघाली ताशी सुमारे ४१७ किलोमीटर. मॉनचा विक्रम मोडला. हॅरॉल्ड ब्राऊ जगातला सगळ्यांत वेगवान वैमानिक झाला.

किती दिवस? दोन!

४ नोव्हेंबरला विल्यम्स उडाला. सरासरी निघाली ताशी सुमारे ४२९ किलोमीटर. ब्राऊचा विक्रम संपला.

वही-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. ताशी ४१७ च्या वेगाने तीन किलोमीटर जायला लागतात २५.९ सेकंद. ताशी ४२९ च्या वेगाने लागतात २५.२ सेकंद. फरक फक्त ०.७ सेकंदाचा. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं तुम्ही म्हणाल. पण ऐका. वेग दुप्पट करायचा, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि इंजिनाची ताकद आठपट लागते. ४१७ वरून ४२९ वर जायचं म्हणजे वेग वाढला तीन टक्क्यांच्या आतच, पण त्यासाठी ताकद हवी सुमारे नऊ टक्के जास्त. नाहीतर मग उडण्यात तेवढी सफाई तरी हवी. म्हणून तर शेवटचे दोन-चार गुण मिळवायला सगळ्यांत जास्त अभ्यास करावा लागतो!

ही सफाई सोपी नव्हती. मार्गात शिरण्याआधी उंचावरून झेपावत खाली यायचं आणि तो जादा वेग घेऊन आत शिरायचं, अशी युक्ती त्या काळी वापरत असत. पुढे नियम करून तिला लगाम घातला गेला. चूक झाली तर सावरायला जमीन दूर नव्हती. या वेगात जोरात वळण घेतलं, की डोक्यातलं रक्त खाली उतरायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आणि एक दुःखाची गोष्टही सांगायलाच हवी. त्या दोन विमानांपैकी एक नौदलाने पुढे लष्कराला दिलं. किंमत किती घेतली माहीत आहे? एक डॉलर! चुरस होती, पण वैर नव्हतं. सप्टेंबर १९२४ मध्ये शर्यतीच्या सरावात ते विमान कोसळलं आणि लष्कराचा लेफ्टनंट अलेक्झांडर पिअर्सन मरण पावला. विक्रमांच्या यादीत आकडे दिसतात, ही माणसं दिसत नाहीत. म्हणून आपण त्यांची आठवण ठेवायची.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांसाठी 'श्नायडर करंडक' नावाची एक आंतरराष्ट्रीय शर्यत होती. जो देश पाच वर्षांत तीनदा जिंकेल, त्याचा करंडक कायमचा. १९२३ साली इंग्लंडमधल्या काउझ इथे अमेरिकन नौदलाच्या लेफ्टनंट डेव्हिड रिटनहाउसने ही शर्यत जिंकली. पुढची शर्यत १९२४ साली अमेरिकेत व्हायची होती. पण इटलीची विमानं तयार झाली नाहीत आणि ब्रिटनचं विमान चाचणीतच बुडालं. नियमाप्रमाणे अमेरिकेने एकट्याने उडून करंडक जिंकला असता, तरी कोणी काही म्हणू शकलं नसतं. पण अमेरिकेने ती शर्यतच रद्द केली. समोर भिडूच नसेल, तर जिंकायचं कोणाला?

१९२५ ची शर्यत अमेरिकाच जिंकली. म्हणजे १९२४ साली एकट्याने उडाले असते, तर करंडक कायमचा त्यांचा झाला असता! पुढे १९३१ साली उलटं घडलं. इटली आणि फ्रान्स तयार नव्हते, तेव्हा ब्रिटनचं विमान एकटंच उडालं, सलग तिसऱ्यांदा जिंकलं आणि करंडक कायमचा ब्रिटनला मिळाला. नियमाने दोन्ही बरोबर. तुम्ही असता तर काय केलं असतं? आज रात्री जेवताना घरात हा विषय काढा. आई एक बोलेल, बाबा दुसरं बोलतील, आणि तुमचं मत तुम्ही सांगा.

आणि विल्यम्सच्या विक्रमाचं काय झालं? १९२४ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या फ्लोरेंटिन बोने या वैमानिकाने ताशी ४४८ किलोमीटरचा वेग गाठला आणि तो विक्रमही मागे पडला. १९७६ साली एका अमेरिकन जेट विमानाने ताशी ३,५२९ किलोमीटर वेग नोंदवला. त्या वेगाने मिचेल फील्डचं तीन किलोमीटर अंतर जेमतेम तीन सेकंदांत संपलं असतं! विक्रम असे मोडायचेच असतात. पण ब्राऊने ४१७ केले नसते, तर विल्यम्सला ४२९ करायची ईर्षा वाटली असती का? वर्गात आपल्या पुढे असणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे आपला शत्रू नव्हे. आपल्याला पळायला लावणारा तो आपला मित्रच.

आता जाता जाता एक कोडं. एका विमानाचा स्वतःचा वेग ताशी ४०० किलोमीटर आहे आणि वारा ताशी ४० चा. जाताना वेग ४४०, येताना ३६०. तीन किलोमीटर जायचं आणि तीन यायचं. सुमीने दोन्ही वेगांची सरासरी काढली. उत्तर आलं ४००. राजूने सहा किलोमीटरला लागलेला एकूण वेळ काढला आणि त्यावरून वेग काढला. उत्तर आलं ३९६. गणित दोघांचंही चुकलेलं नाही. मग चार किलोमीटर गेले कुठे?

हवं तर एवढं सांगतो, की समोरच्या वाऱ्यात विमान किती सेकंद होतं आणि पाठीच्या वाऱ्यात किती, ते आधी काढा. तेवढ्यात गंमत कळेल. नाहीच कळली, तर वारा असलेल्या दिवशी सायकल काढा आणि मैदानावर एकदा जाऊन-येऊन बघा. पाय सांगतील!